नर्मदेकाठचं मौन आणि आग्या मोहोळ

जबलपूरला कशाला चाललीस, असं कुणी विचारलं की मी 'नर्मदा बघायला' म्हणून सांगत होते. ते अर्धंच खरं होतं. मी गप्प बसायला शिकण्यासाठी निघाले होते. एकतीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यातली शेवटची सात मुख्याध्यापिका म्हणून. मिरजेत मला ओळखणाऱ्या कुणालाही खरं कारण सांगितलं असतं, तर त्यानं आधी पोटभर हसून घेतलं असतं.

माझी एकुलती मुलगी मुग्धा बंगळूरला असते. पाच महिन्यांपूर्वी ती अचानक दोन दिवसांसाठी घरी आली आणि सकाळच्या चहाला म्हणाली, "आई, मी आणि निखिल वेगळे होतोय. मला तुला एक..." पुढचं वाक्य मी तिला पूर्ण करू दिलं नाही. चहा गार होऊन वर साय धरली तरी माझ्या तोंडाचा पट्टा चालूच होता. संसार, तडजोड, लोक काय म्हणतील, तिचं वय, तिच्या वडिलांबरोबर मी कसं निभावलं, सगळं झालं. तिनं ऐकून घेतलं, कप विसळून ठेवला आणि त्याच संध्याकाळी निघून गेली. तेव्हापासून ती फोन उचलत नाही. माझ्या दहा ओळींच्या मेसेजला तिचं एकच उत्तर येतं, 'ठीक आहे'.

एका मैत्रिणीनं या शिबिराचं सांगितलं. भेडाघाटच्या पुढे, जंगलात, नदीच्या काठावर तंबूत राहायचं, पहाटे योगासनं, दिवसभर ध्यान आणि सात दिवस संपूर्ण मौन. मी मुग्धाला कळवलं, 'मौन शिबिराला चालले आहे.' त्यावर पाच महिन्यांत पहिल्यांदाच वेगळं उत्तर आलं. 'तू?'

त्या एका शब्दावर मी पुण्याला गाडी बदलून जबलपूरपर्यंत गेले.

स्टेशनबाहेर फेब्रुवारीतली कोवळी, पण बोचरी थंडी होती. रिक्षावाल्यानं आधी चहाच्या टपरीशी रिक्षा उभी केली. पोहे आणि खोव्याची जिलेबी खाल्ल्याशिवाय शहर सोडायचं नाही, असा त्याचा आग्रह होता. ही जिलेबी आपल्यासारखी पिवळी कुरकुरीत नसते. काळपट, जाड आणि मऊ असते. एक खाल्ली की दुसरीचा विचार करावा लागतो. मी दोन खाल्ल्या.

कुठे जायचंय हे कळल्यावर तो हसला. "चुप रहने के लिए इतनी दूर, दीदी?"

"घर में होता नहीं, भैया," मी म्हणाले.

"हमारी श्रीमतीजी को भी बता दीजिए पता," असं म्हणून त्यानं रिक्षा सुरू केली.

शहर मागे पडलं, गव्हाची हिरवी शेतं लागली, मग सागाचं विरळ जंगल. पळसाला नुकती कुठे केशरी टोकं फुटत होती. शेवटचा दीड किलोमीटर पायवाट होती आणि बॅगेचं एक चाक पहिल्याच दगडावर निखळलं. ती बॅग डोक्यावर घेऊन मी वळणावर आले आणि खाली नर्मदा दिसली. दोन्ही बाजूंना पांढरे, करडे कडे आणि मधून गडद हिरवं, संथ पाणी. इतकं मोठं पाणी असून आवाज नव्हता. मी तिथेच बॅग टेकवून बसले. मनात आलं, हिला जमतं ते मला का जमू नये.

शिबिर चालवणाऱ्या बाईंना सगळे माँजी म्हणत. पन्नाशीच्या, हळू बोलणाऱ्या, डोळ्यांत माया असलेल्या. आम्ही बावीस जण होतो. फोन एका पत्र्याच्या पेटीत गेले. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, लिहून दाखवायचं नाही, एकमेकांच्या नजरेला नजरही द्यायची नाही. जेवण, उठणं, बसणं सगळं घंटेवर.

त्या संध्याकाळी स्वयंपाकाच्या तंबूत मला मराठी ऐकू आलं. साठी उलटलेले, सडपातळ मेश्रामजी तिथे सेवेला होते. ते जबलपूरजवळच्या खमरियाचे. तिथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात सारी नोकरी झालेली, आजोबा कधीतरी भंडाऱ्याकडून आलेले. तरुणपणापासून ध्यानाला बसायची सवय, म्हणून निवृत्तीनंतर अशा शिबिरांत ते स्वयंपाकाला हात लावतात. "तुमी महाराष्ट्रातून येऊन राहिल्या काय? अच्छा! मग आज बोलून घ्या, ताई. उद्यापासून बंद."

त्यांनी गक्कड (शेणीच्या निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे जाड गोळे) तुपात बुडवून ताटात ठेवले, बरोबर वांग्याचं भरीत. मी विचारलं, तुम्हाला गप्प राहणं जड जात नाही का.

"काहून जड जाईल? आमच्या सेक्शनमध्ये कोणी बोलतच नव्हतं. हातात बारूद असली की तोंड आपोआप बंद राहते," ते म्हणाले. "पण एक होतं. काही गडबड दिसली की कोणीही 'रुको' म्हणायचं. साहेब असो की नवा पोरगा. मग सगळे हात थांबवायचे, मागे व्हायचे. काहून म्हटलं ते नंतर विचारायचं."

पहिले दोन दिवस मी मनातल्या मनात अखंड बोलत होते. पहाटे धुक्यात ताडासन करताना बोलत होते, खडकावर पाठ ताठ करून बसले तरी बोलत होते. समोर मुग्धाच. ती काहीतरी म्हणायची आणि माझं उत्तर तयार. तिसऱ्या दिवशी ध्यानात मला चक्क झोप लागली आणि मी शेजारच्या मुलीच्या खांद्यावर कलंडले. तिनं हलवलं नाही, घंटा होईपर्यंत तशीच बसून राहिली. पंचवीस-सव्वीसची ही मुलगी, रिद्धी. नाव तिच्या पाण्याच्या बाटलीवर लिहिलेलं होतं. माफी मागायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्याच दुपारी एका लंगुरानं (काळतोंड्या वानरानं) माझा मफलर पळवला आणि मी तोंडातून 'हट्' सुद्धा काढलं नाही. मला स्वतःचा भारी अभिमान वाटला. खोटं कशाला सांगू, मुग्धाला हे कसं सांगायचं याची वाक्यंही मी तयार केली.

चौथ्या दिवशी मात्र खरोखर काहीतरी सैल झालं. नदीच्या पाण्यावर कड्याची सावली सरकत होती आणि मी नुसती बघत होते. बराच वेळ मनात कुणीच बोललं नाही.

पाचव्या दिवशी आहुती होती. प्रत्येकानं कागदावर स्वतःतलं जे सोडून द्यायचं आहे ते एक लिहायचं आणि अग्नीत टाकायचं. त्यासाठी सकाळी दहाच्या सुमारास आम्हाला कड्याखालच्या सपाट खडकावर नेलं. मी लिहिलं, 'माझं तोंड.' वर पाहिलं, तर कड्याच्या कपारीत सुपाएवढी काळी पोळी लोंबत होती. एक, दोन, चार. माझं आजोळ आजऱ्याकडचं. आग्या मोहोळ मी लांबूनही ओळखते. त्याच्याखाली विस्तव करायचा नाही, हे आमच्याकडे लहान मुलालाही सांगावं लागत नाही.

खडकावरच्या अग्निकुंडात दव पडलेला पाला होता. तो पेटण्याऐवजी धुमसला आणि पांढऱ्या धुराचा लोट उठला. आधी तो नदीकडे गेला. मग वारा फिरला. धूर कड्याला लागून वर चढायला लागला आणि पोळ्याची कड थरथरली.

मी ते पाहिलं. तोंडात शब्द आला होता. आणि मी गप्प बसले. माँजींना माहीत असेलच, असं मी स्वतःला सांगितलं. पाच दिवस पाळलेलं मौन आता मोडलं तर सगळं वाया, असंही सांगितलं. चार-पाच श्वास गेले असतील.

"रुको!"

मागून मेश्रामजी ओरडले होते. हातातली परात खाली टाकून ते पुढे आले. "सब उठो! हाथ मत हिलाओ, शॉल सिर पर लो, तंबू में चलो!" आम्ही उठलो. डोक्यावर भुणभुण वाढत गेली, एकदम जात्याची घरघर सुरू व्हावी तशी. बहुतेक जण शाली पांघरून तंबूत पोचले. कुंडाच्या सर्वांत जवळ रिद्धी होती. ती घाबरली आणि हात झटकत पळाली. आम्ही तिला घोंगडीत गुंडाळून आत ओढलं, तेव्हा तिचा चेहरा ओळखू येत नव्हता.

पायवाटेच्या टोकाला शिबिराची जीप होती, तिथवर तिला उचलून नेलं आणि मी आणि मेश्रामजी तिला घेऊन जबलपूरला निघालो. ते नखाच्या कडेनं तिच्या मानेतले काटे खरवडून काढत होते, मी तिचं डोकं मांडीवर धरलं होतं. तिचा श्वास घरघरत होता. तेवीस-चोवीस किलोमीटरचा तो रस्ता मला संपता संपेना. शेवटी मी मराठीत म्हणाले, "मी आधी पाहिलं होतं. धूर फिरला तेव्हाच. मी बोलले नाही."

ते काटे काढत राहिले. "मला काहून सांगता, ताई? तिला सांगा."

दवाखान्यात इंजेक्शनं दिली, सलाईन लावलं. दुपारी डॉक्टर म्हणाले, धोका टळला, पण एक दिवस इथेच ठेवू. रिद्धीचा एक डोळा थोडासा उघडत होता. मी स्टूल ओढून बसले, तिचा मोकळा हात हातात घेतला आणि तिला सांगितलं. मला दिसलं होतं, मी आवाज दिला असता तर तुला हे भोगावं लागलं नसतं.

तिनं तो डोळा माझ्याकडे वळवला. मग म्हणाली, "आपको मना किया था ना, आंटी. नियम था."

"नियम की वजह से नहीं," मी म्हणाले. "मुझे अच्छा बनना था."

तिनं डोळा मिटला. पण सलाईन नसलेला हात तिनं माझ्या हातातून काढून घेतला नाही.

तासाभरानं तिची आई सिहोऱ्याहून बसनं आली. दारातूनच सुरुवात झाली. मैंने कहा था मत जा, मेरी सुनती कब है, जंगल में कौन जाता है योग करने, घर में छत नहीं है क्या. रिद्धीनं तोंड भिंतीकडे फिरवलं. ती बाई बोलतच होती आणि बोलता बोलता थर्मासचं झाकण लावत होती. ते लागतच नव्हतं, इतके तिचे हात थरथरत होते. मी ते झाकण घेऊन लावून दिलं. त्या क्षणी मला त्या सकाळची मी दिसले. मी तेव्हा मुग्धाला शिकवत नव्हते. मी घाबरले होते. घाबरले आहे एवढं सांगायच्या ऐवजी मी सगळं जग बोलून टाकलं होतं.

मेश्रामजींनी माझी बॅग आणि फोन दुसऱ्या दिवशी आणून दिले. माँजी रडत होत्या, उरलेलं शिबिर त्यांनी बंद केलं, असं मेश्रामजींकडूनच कळलं. आणखी एक कळलं. ते पोळं आणि तो धूर माझ्याशिवाय आणखी तिघांनी पाहिला होता. तिघंही मौनात होते. ते ऐकून मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

परतीच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. मदनमहाल स्टेशन मागे पडलं, पुन्हा गव्हाची आणि मसुराची शेतं सुरू झाली. मी मिरजेहून निघाले तेव्हा मला वाटत होतं की माझा दोष बोलण्याचा आहे आणि त्यावर औषध न बोलण्याचं. आता तसं वाटत नाही. चहाच्या टेबलाशी मी मुलीकडे बघत नव्हते, मी चांगली आई कशी दिसते ते बघत होते. खडकावरही मी रिद्धीकडे बघत नव्हते, माझं मौन कसं पार पडतंय ते बघत होते. दोन्हीकडे समोर माणूस होतं आणि मी स्वतःतच गुंतले होते. हे लिहिताना लाज वाटते.

मी फोन लावला. पाच महिन्यांत पहिल्यांदाच तिनं उचलला.

"काय झालं? शिबिर तर अजून चालू असेल ना?" आवाजात काळजी होती.

"मी बरी आहे. ते सगळं नंतर सांगते," मी म्हणाले. "मुग्धा, त्या सकाळी तू मला काहीतरी विचारत होतीस. मी विचारू दिलं नाही. आता विचारशील?"

रेंज गेली की काय म्हणून मी फोन डोळ्यांसमोर धरला. सेकंद पुढे सरकत होते, म्हणजे ती होती.

"आता काय उपयोग," ती म्हणाली.

माझ्या जिभेवर निदान चार वाक्यं आली. मी फोन कानाला दाबून धरला.

"मला एवढंच विचारायचं होतं," ती बऱ्याच वेळानं म्हणाली, "की काही महिने मी घरी येऊन राहिले तर चालेल का. तेवढ्यासाठीच आले होते मी. मग नाही विचारलं. तेव्हापासून एका मैत्रिणीच्या हॉलमध्ये झोपते आहे."

पाच महिने. माझ्या घरात तिची खोली, तिची कॉट, धुऊन घातलेली चादर, सगळं तसंच होतं. आणि मी रोज तिला दहा ओळी लिहीत होते.

"ये," मी म्हणाले.

"तू काही विचारणार नाहीस?"

"नाही. ये तू."

मग ती रडायला लागली. लहानपणी रडायची तशी, हुंदके गिळत. नरसिंहपूर आलं, चहावाले चढले, उतरले, गाडी पुन्हा हलली. मी फोन कानाला धरून बसले होते. तिचं रडणं पुरतं थांबेपर्यंत मी एक शब्दही बोलले नाही.