कुमुदवहिनींनी न चाखलेली न्योकी

कुमुदवहिनी स्वयंपाक करताना कधी काही चाखत नसत. ही गोष्ट त्या स्वतःच सांगत, आणि सांगताना मान अशी ताठ करत की जणू सरकारने त्यांना पदकच दिलंय. "आमच्याकडे नैवेद्याच्या आधी जीभ लावत नाहीत हो! हातालाच अंदाज असतो." अंदाज होता, हे मी नाकारत नाही. त्यांच्या पुरणपोळीला नाव ठेवायला जागा नव्हती. पण ज्या पदार्थांचा अंदाज त्यांच्या सात पिढ्यांना नव्हता, तिथंही बाई तोच टेंभा मिरवायला गेल्या. म्हणून हे सांगतेय.

आम्ही वाशीला सिडकोच्या एकाच इमारतीत राहायचो. साल त्र्याऐंशी की चौऱ्याऐंशी. त्या गिरगाव सोडून आलेल्या, मी महाडकडून. मी कोकण भवनात टायपिस्ट होते. माझ्या दारावरची आडनावाची पाटी आणि आतल्या भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो बघितल्यापासून कुमुदवहिनींनी माझ्या घरात पाण्याचा घोट घेतला नव्हता. नाही म्हणायची रीत मात्र फार गोड. "आत्ताच चहा झाला हो, वेणूबाई." बाईंचा चहा कायम आत्ताच झालेला असायचा.

त्यांचे यजमान श्यामसुंदरराव ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. तिथं इटलीहून नवीन मशिनं येणार होती, ती बसवायला ब्रुनो नावाचा साहेब येणार होता, आणि जाताना तो इथला एक माणूस निवडून सहा महिने इटलीला नेणार होता. झालं. कुमुदवहिनींनी मनातल्या मनात सूटकेस भरली. साहेबाला घरी जेवायला बोलवायचं आणि त्याच्याच देशाचं जेवण त्याच्यापुढं ठेवायचं असं त्यांनी ठरवलं. आता ते शिकवणार कोण?

रशिदाचं नाव मीच सुचवलं. रशिदा पलीकडच्या बैठ्या घरांत राहायची. मूळची उरणची. तिचा नवरा बदरुद्दीन इटलीच्या मालवाहू जहाजावर भटारखान्यात होता. पाय अधू झाल्यावर घरी बसला आणि बसल्या बसल्या त्याने बायकोला तिकडचा सगळा स्वयंपाक शिकवला. रशिदा तो आम्हा चौघीपाचजणींना शिकवायची. रविवारी दुपारी. बाई मोठ्या आवाजाची, फटकळ, फी आधी घेणारी. तिची अट एकच होती. शिकून झालं की सगळ्यांनी तिच्या घरात, तिच्या चटईवर बसून जेवायचं. "माज्या घरात रांदलं आनि कोनी उपाशी गेलं, असं आजून झालं नाय," ती म्हणायची.

कुमुदवहिनींनी नाव ऐकलं आणि त्यांचा चेहरा कडू औषध घेतल्यासारखा झाला. पण पलीकडे इटली होती. त्या आल्या. येताना स्वतःची पळी, स्वतःची पाण्याची बाटली आणि झाकणाचा स्टीलचा डबा घेऊन आल्या. दुखणाइताला भेटायला निघाल्यासारखा सगळा सरंजाम.

पहिल्या दिवशी रशिदाने न्योकी शिकवली. न्योकी म्हणजे बटाट्याच्या गोळ्या. उकडलेले बटाटे गरम असतानाच कुस्करायचे, मैदा जेमतेम घालायचा, फार मळायचं नाही, वळ्या करून तुकडे पाडायचे आणि एकेक तुकडा काट्याच्या पाठीवरून अंगठ्याने सरकवायचा, म्हणजे त्याच्यावर रेघा उठतात. मग उकळत्या पाण्यात सोडायचे, तरंगले की काढायचे. वरून टोमॅटोचा रस्सा, त्यात लसूण आणि सब्जाचा पाला. ऑलिव्ह तेल औषधांच्या दुकानात मिळायचं, बाळाच्या मालिशीचं, छोट्या बाटलीत. दुकानदार दर वेळी रशिदाला विचारायचा, "मुलगा की मुलगी?"

कुमुदवहिनींच्या न्योक्या आमच्या सगळ्यांपेक्षा देखण्या झाल्या. मोदकाच्या कळ्या पाडलेले हात ते. रशिदाने मनापासून कौतुक केलं. मग रश्श्याची पळी त्यांच्यापुढे धरली.

"चाखा वहिनी. बटाटा मीठ कसं पिऊन टाकतो, सांगता नाय येत. दर टायमाला चाखायचं."

"मी चाखत नाही," वहिनी म्हणाल्या. "मला वासावरून कळतं."

"याचा वास तुमी आजच पैला घेताय ना?"

आम्ही हसलो. वहिनी हसल्या नाहीत. रशिदाने चटई अंथरली, मोठ्या थाळ्यात न्योकी ओतली, ज्यांना वेगळं हवं त्यांच्यासाठी ताटल्या मांडल्या. आम्ही बसलो. वहिनींनी आपल्या वाट्याचं डब्यात भरून घेतलं. "मुलीला फार आवडेल हो. घरी सगळे मिळून खाऊ."

पुढच्या रविवारी त्यांची एकादशी होती. त्याच्या पुढच्या रविवारी दाढ दुखत होती. मग पित्त झालं. रशिदा दर वेळी म्हणायची, "वहिनी, एक घास." नुसता एकच. चिडून नाही, अगदी घरच्या माणसाला म्हणावं तसं. मला एकदा ती बाजूला घेऊन म्हणाली, "वेणूताय, मला तिची फी पन नको. तिनं एक घास खावा हितं. माजा नवरा आत बसतो ना, त्याला सगलं आयकू येतं." बदरुद्दीन खरंच आतल्या खोलीत बसून असायचा. आयुष्यभर परक्या देशांतल्या माणसांना जेवू घातलेला माणूस, आणि त्याच्या स्वतःच्या घरात एक बाई डबा घेऊन दाराकडे तोंड करून बसायची. मला संताप यायचा. मी तो गिळायचे, कारण असले संताप गिळायची मला सवय आहे.

डब्याचं पुढं काय होतं ते एका कुत्र्याने सांगितलं. सेक्टरमध्ये एक पिवळं, कान तुटलेलं कुत्रं होतं. ते रविवारी दुपारी रशिदाच्या दाराशी येऊन बसायला लागलं. आम्ही कोणी त्याला काही घालत नव्हतो. रशिदाने हाकललं तरी जाईना. वर्ग सुटला, कुमुदवहिनी डबा घेऊन निघाल्या, की ते उठायचं आणि त्यांच्या मागोमाग शेपूट हलवत चालायला लागायचं. एका रविवारी रशिदा आणि मी दारात उभ्या राहून बघत राहिलो. आमच्या इमारतीमागे कचऱ्याच्या पेटीजवळ वहिनी थांबल्या, इकडेतिकडे पाहिलं, आणि डबा उपडा केला. कुत्र्याने ताट चाटल्यासारखी जमीन साफ केली. मग वहिनींनी बाटलीतलं पाणी घालून डबा तिथंच विसळला. घरात न्यायच्या आधी.

रशिदा वळली. आत जाऊन तिने भांडी घासायला घेतली. तिच्यासारखी बाई गप्प बसते तेव्हा बरं वाटत नाही.

यथावकाश ब्रुनो साहेब आला आणि जेवणाचा दिवस ठरला. कुमुदवहिनींकडे डायनिंग टेबल नव्हतं. माझ्याकडे होतं, हप्त्याने घेतलेलं, चार खुर्च्यांसकट. ते त्यांनी मागितलं. माझं पाणी चालत नव्हतं, टेबल चालत होतं. लाकडाला जात नसते, असं काहीतरी शास्त्र त्यांच्यापाशी असावं. मी दिलं. आणि टेबलाची मालकीण म्हणून मलाही बोलावणं आलं.

शेवटच्या वर्गानंतर रशिदाने वहिनींना बजावून सांगितलं होतं. "वहिनी, तिकडं यजमान पावन्याच्या संगती बसून खातो. बदरुद्दीन सांगतो ना, जहाजावर कप्तान पन सगल्यांच्या संगती बसायचा. तुमी सगले बसा. तोच पदार्थ खा. नायतर त्याला खाल्लेलं गोड लागनार नाय."

"हो, हो," म्हणाल्या वहिनी.

टेबलावर ताटं दोनच लागली. एक साहेबाचं आणि एक माझं. त्या घरात उपरे आम्ही दोघंच होतो. श्यामसुंदरराव, वहिनी आणि त्यांची लेक मीना भिंतीला टेकून ओळीने उभे. साहेब उंच, लाल मानेचा, हसरा. न्योकी बघून तो खरोखर आनंदला. स्वतःच्या आईचं काहीतरी सांगायला लागला. पहिला घास घेतला, थांबला, आणि अदबीने मीठ मागितलं. मीही खाल्लं. नुसता पिठूळ, अळणी बटाटा. सुंदर रेघांचा.

मग त्याच्या लक्षात आलं. त्याने श्यामसुंदररावांना खुर्ची ओढून दिली. "प्लीज, तुम्हीही."

श्यामसुंदररावांनी बायकोकडे पाहिलं. वहिनी म्हणाल्या, "टुडे फास्ट. चतुर्थी."

"आणि मुलगी?"

"ती पण फास्ट."

साहेबाने आमच्या सगळ्यांकडे पाहिलं. "माझ्यासाठी स्वयंपाक केला, आणि उपास पण माझ्यासाठीच का?" तो हसत म्हणाला, पण काटा खाली ठेवला तो पुन्हा उचलला नाही. चतुर्थी तर होऊन गेली होती. आणि स्वयंपाकघरातून वरणभाताचा वास टेबलापर्यंत येत होता. साहेबाला तो ओळखता येत नव्हता, मला येत होता.

इटलीला बाजीराव म्हात्रे गेला. कोपरखैरण्याचा फिटर. त्याने साहेबाला एका संध्याकाळी घरी नेऊन पाटावर आपल्या शेजारी बसवलं होतं, आणि दोघांनी मिळून तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण चेपलं होतं. साहेबाने निवड त्यावरून केली की कामावरून, मला ठाऊक नाही. बाजीराव कामालाही चांगला होता. कुमुदवहिनींना मात्र कारण तयार सापडलं. "त्या बाईने शिकवलंच चुकीचं. मुद्दाम. त्या लोकांचा काही नेम नाही," असं त्या जिन्यात, दळणाच्या रांगेत, भाजीच्या गाडीवर सांगत सुटल्या. रशिदाच्या दोन बाया वर्गाला यायच्या बंद झाल्या.

एवढ्यावर थांबल्या असत्या तर मी त्यांना विसरून गेले असते. पण महिन्याभरात इमारतीच्या फाटकावर पाटी लागली. 'इटालियन पाककला वर्ग. शुद्ध, घरगुती, सोवळ्यातील.' सोवळ्यातलं इटालियन! पाटी वाचून मी जिन्यात एकटीच मोठ्याने हसले. आणि वर्ग चालला हो! वाशीत तेव्हा बायकांना दुपारी जायला ठिकाण नव्हतं. वहिनी चष्मा लावून शिकवायच्या, "तिकडे असंच करतात" म्हणायच्या. मिठाचा एक चमचा ठरवून ठेवला होता, आणि चव बायकांकडून विचारून घ्यायच्या. बरं झालंय का? अगदी बरं झालंय, वहिनी. त्यांनी स्वतः तो पदार्थ तोपर्यंत एकदाही तोंडात घातलेला नव्हता. ज्याची चव माहीत नाही ते शिकवणारी बाई मी जन्मात ती एकच पाहिली. मीही जायचे वर्गाला. तमाशा चुकवायचा नव्हता मला.

एका दुपारी दार वाजलं आणि रशिदा आत आली. इस्त्रीची साडी, डोक्यावर पदर. तिने सगळ्यांसमोर फी वहिनींच्या पुढ्यात ठेवली. "मला पन शिकायचंय, वहिनी." खोलीभर बायका बसलेल्या. नाही कसं म्हणणार? वहिनींनी तिला कोपऱ्यातलं स्टूल दाखवलं.

त्या दिवशी न्योकीच होती. रस्सा आळत आला, वहिनींनी ठरलेला चमचा मीठ टाकलं आणि ताटल्या भरल्या. रशिदाची ताटली वेगळी, कडा चेपलेली. मी खाल्लं. खरं सांगायचं तर रस्सा झकास झाला होता. मीठ अगदी बेताचं. ठरवलेला चमचा त्या दिवशी बरोबर लागू पडला होता.

रशिदाने एक घास खाल्ला. सावकाश चावला. मग म्हणाली, "वहिनी, मीठ नाय याच्यात."

बाकीच्या बायकांनी अजून ताटल्या उचलल्याही नव्हत्या. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या ताटलीकडे पाहिलं. मी का बोलू? माझा चहा आत्ताच झाला होता.

"मीठ घातलंय मी," वहिनी म्हणाल्या.

"आसंल. बटाट्यानं पिलं आसंल." रशिदा उठली, पातेल्यातली पळी उचलून रस्सा भरला आणि त्यांच्यापुढे धरला. आवाज अगदी मऊ. "चाखून बगा ना. तुमच्याच हातचं हाय. तुमच्याच घरातलं. एक घास, वहिनी."

पळी त्यांच्या ओठांपासून वीतभर लांब होती. रस्सा वाफाळत होता. सगळ्या बायका बघत होत्या. त्यांनी पळीकडे पाहिलं, मग पळी धरलेल्या हाताकडे पाहिलं. कुमुदवहिनींचे ओठ किंचित उघडले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आणि मिटले.

"मी चाखत नाही," त्या म्हणाल्या. मिठाची बरणी ओढली, मूठ भरली आणि पातेल्यात टाकली. ढवळून तोच रस्सा सगळ्यांच्या ताटल्यांवर वरून वाढला. "घ्या."

बायकांनी घास घेतले. एकीने पदर तोंडाला लावला. एक उठून मोरीकडे गेली. रशिदाने आपली ताटली स्वतः उचलली, नळाखाली धुतली, पालथी घातली, आणि निघून गेली.

"काय झालं?" वहिनींनी विचारलं. कोणी सांगेना. त्यांनी एकेकीचं तोंड निरखलं, मग माझं. "वेणूबाई, काय झालं हो? कमीच आहे का अजून?"

मला कीव यायला हवी होती. नाही आली. पातेलं त्यांच्यासमोर होतं, पळी त्यांच्या हातात होती, आणि काय झालंय ते त्या खोलीत त्यांना एकट्यांनाच कळत नव्हतं.