ताईचा बाक

माझी ताई वारली, ही बातमी मला खुद्द ताईनेच दिली. ती शिलाई मशीनवर बसली होती, ओठांत टाचण्या धरलेल्या, त्यामुळे निम्मं बोलणं नाकातून.

"टवळे, आधी बस. मी गेले गं."

"कुठे गेलीस?"

"वर. तुझ्या भाऊजींनी पाठवलं." टाचण्या काढून जी हसत सुटली, ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

ताई पडदे शिवते. घरांचे, दवाखान्यांचे, लॉजचे. तिच्या हातचा पडदा कधी आखूड पडला नाही आणि भाऊजींनी तिचं कधी तोंडभरून कौतुक केलं नाही. माणूस वाईट नाही हो. पाण्याचे मीटर वाचायची नोकरी. जन्मभर लोकांच्या जिन्यांखाली वाकून आकडे टिपले, पण कोणी टेकायला सांगितलं नाही. निवृत्त झाले आणि घरात मुकेच झाले. मूलबाळ नाही. शेवटी माझ्याच लेकाने त्यांना टॅबवर एक गाव लावून दिलं.

खेळच तो, पण आतली माणसं खरी, कुठकुठली. प्रत्येकाचं तिथे घर आणि घरापुढे बाग. रोज एकमेकांच्या बागेत जाऊन पाणी घालायचं, गप्पा मारायच्या. भाऊजींना तिथे सगळे माळीकाका म्हणायचे. घरात 'हूं'च्या पलीकडे न जाणारा माणूस तिथे पानंच्या पानं लिहायचा.

गावाचा नियम मात्र कडक. जो येत नाही, त्याच्या बागेला कोणी पाणी घालायचं नाही. सूट फक्त ज्याच्या घरी मयत झालंय त्याला. ताईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, भाऊजी दवाखान्यात अडकले आणि तिकडे बाग वाळायला लागली. बायको आजारी, ह्या सबबीला सूट नव्हती. मग त्यांनी लिहून टाकलं, बायको गेली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "चित्रातल्या गुलाबांसाठी तुला मारलं?"

"अगं, माझ्या खाटेवर बसूनच लिहिलं. एका हाताने माझे पाय चेपत होते," ताई म्हणाली. "नंतर ओशाळून आपणच मला सांगितलं. दोन दिवसांत खरं काय ते लिहितो म्हणाले."

कसलं लिहितायत! अख्खं गाव धावून आलं होतं. काका, जेवलात का? काका, झोप लागली का? काकूंबद्दल सांगा ना काहीतरी. आणि भाऊजी सांगत सुटले. गावाने तळ्याकाठी ताईच्या आठवणीचा बाक बांधला. ताई दुसरंच नाव घेऊन हळूच त्या गावात शिरली होती, तिने मला तो दाखवला. बाकावर फुलांचा हा ढीग, आणि खाली भाऊजींचं लिहिणं. ती शिवताना एकच ओळ गुणगुणायची, पुढची तिला येतच नव्हती. रागावली की कापड जोरात फाडायची, पण फाडायची सरळ. तिच्यासारखी ती.

"हे तुला कधी तोंडाने म्हणाले?" मी विचारलं.

"मेलेल्या म्हशीला मणभर दूध," ताई म्हणाली. पण या वेळी ती हसली नाही. बोटाने वर सरकवून तिने सगळं पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं.

त्यानंतर ते घर विचित्रच होत गेलं. भाऊजी खरोखर रडायला लागले. बाहेरच्या खोलीत ते तिच्या नावाने हुंदके देत आणि आत ती भांडी घासत असे. तिने पाणी नेलं तर पेला घेत, पण वर बघत नसत. चहा एकट्यापुरता करून घेत. एकदा माझ्यादेखत तिने त्यांना हाक मारली. ते दचकले, खोलीभर नजर फिरवली आणि डोळे पुसले. ती समोर उभी होती हो!

"ताई, ऊठ. माझ्याकडे राहायला चल."

"नाही गं. त्यांनी एकदा चारचौघांत म्हणावं, ही माझी बायको, ही जिवंत आहे. तेवढंच हवंय मला. मग काही मागणार नाही."

तशी वेळ चालून आली. गावातली दोघं, एक शाळेतल्या बाई आणि एक ट्रकवाला, काकांना धीर द्यायला खरोखरच्या घरी येणार होती. ताईने ते तिथेच वाचलं. त्या दिवशी तिने ठेवणीतले कपडे घातले, केस नीट विंचरले आणि मला बोलावून घेतलं. "आज ते बोलतीलच बघ," म्हणाली.

भर दुपारी बेल वाजली. दार ताईनेच उघडलं. बाईंनी आणलेली फुलं तिच्या हातात दिली आणि विचारलं, "आपण कोण?"

ताई वळून भाऊजींकडे बघत राहिली. मीही. भाऊजींचे ओठ हलले, कपाळाला घाम आला.

"शेजारच्या आहेत," ते म्हणाले. "फार करतात माझं."

मी तोंड उघडलं. माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्या नात्यागोत्याला माहीत आहे. पण बाई माझ्याकडे वळल्या होत्या, आणि भाऊजी म्हणाले, "ही तिची धाकटी बहीण." बाईंनी मला कवेतच घेतलं. "कसं सोसलंत हो?" आणि काय सांगू, मेलं मला रडू फुटलं! खरंखुरं. समोर ताई धडधाकट उभी, आणि मी तिच्यासाठी ऊर फुटेस्तोवर रडले. ताईनेच मला पाणी आणून दिलं. तिचा हात माझ्या पाठीवरून फिरत होता, तो मला कळत होता, तरी रडू थांबेना.

पाहुणे निघाले तशी ताईने चपला चढवल्या, "येते मी" म्हणाली आणि त्यांच्यासोबत जिना उतरली. शेजारीण ना ती! मी मागोमाग धावले. त्यांची गाडी वळून दिसेनाशी झाली.

"झालं नाटक? चल वर. आता बघच कशी खरडपट्टी काढते त्यांची," मी म्हणाले.

ताई कठड्याला धरून एकेक पायरी चढली. दार लावून घेतलेलं होतं. बेल मी दाबली. भाऊजींनी दार उघडलं. जिन्यात आम्हा दोघींशिवाय चिटपाखरू नव्हतं, सोंग करायला आता कारणच नव्हतं.

"पुरे झालं, भाऊजी!" मी ओरडले. "बघा हिच्याकडे!"

त्यांनी बघितलं. कितीतरी महिन्यांनी नीट, मायेने बघितलं. मग दार पूर्ण उघडून बाजूला झाले.

"या ना, आत या," ते ताईला म्हणाले. "तुम्हीही ओळखत होता का तिला?"

मी ताईचा दंड घट्ट धरला. तिने माझी बोटं हळूच सोडवली, आत गेली आणि खुर्चीच्या कडेवर बसली.

"हो, थोडीफार," ती म्हणाली. "सांगा ना तिच्याबद्दल."