पट्टा, नळी की फोटो

माझ्या सासऱ्यांनी न पारखता पदरात घेतलेली जगातली एकमेव गोष्ट म्हणजे माझ्या सासूबाई, आणि तीही मुलगी बघायला थोरल्यांनी त्यांना नेलंच नाही म्हणून. एरवी मामा, म्हणजे माझे सासरे, अणदूरच्या बाजारात चप्पल घेणार तर ती पायात घालून आधी खंडोबाच्या देवळापर्यंत जाऊन येणार. कलिंगडाच्या अख्ख्या ढिगावर टिचक्या मारणार, आणि शेजारच्या गिऱ्हाइकालाही कान लावायला सांगणार. एकदा गुळाची चव बघत ते सगळी दुकानं फिरले आणि शेवटी "आज गोड लई झालं" म्हणून बिनगुळाचेच घरी आले.

अलीकडं मात्र शेताकडं जाताना ते मधेच थांबून लोकांच्या तुरीचं कौतुक करायला लागले. परक्याच्या पिकाला चांगलं म्हणणं हा काही त्यांचा स्वभाव नव्हे. एक दिवस मी मागोमाग गेले, तर तूर केव्हाच काढून नेलेली आणि मामा छातीवर हात ठेवून रिकाम्या रानाकडं बघत उभे.

"दाटल्यावानी होतंय. थांबलं की जातं," ते म्हणाले. "हिला सांगू नको."

मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं सोलापूरला गेलो.

कार्डिओग्राम बरा आला, तरी हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा असेल अशी डॉक्टरांना शंका होती. तपासायचे तीन मार्ग त्यांनी सांगितले. पट्ट्यावर चालवून हृदयाला ताण द्यायचा. शिरेतून औषध सोडून सीटी मशीनवर रक्तवाहिन्यांचे फोटो काढायचे. नाहीतर मनगटातून बारीक नळी थेट तिथवर न्यायची. तीन-तीन वाण समोर आल्यावर मामा खुललेच.

"पट्ट्यावर चालून पोचायचं कुठं?"

"कुठंच नाही, आजोबा. पण तुमच्या गुडघ्यांना ते झेपणार नाही."

"आनि नळी वाट चुकली तर?"

"सहसा चुकत नाही. पण तिची गरज आहे का, ते आधी फोटोत बघू."

एवढ्यावर ऐकतील ते मामा कसले! ते बाहेरच्या बाकांवर चौकशीला निघाले. एकानं नळीची शिफारस केली, एकानं पट्ट्याची, आणि तिसरा तर दात दाखवायला आलेला होता. त्यालाही त्यांनी मत विचारलं. मग आमच्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "घाई नको. आनिक एखादा दवाखाना बघू."

तेव्हा सासूबाई बोलल्या. "आवो, तुमी धा दुकानं फिरा. म्या कुठं फिरू? माझ्यापाशी येकच मानूस हाय."

मामा उठून डॉक्टरांच्या दारात गेले. "साहेब, फोटो काढा."

रक्त तपासून दुपारी फोटो निघाले. एक वाहिनी अरुंद झाली होती, पण लगेच नळी घालण्याइतकी नव्हती. रोजच्या गोळ्या, बेतानं खाणं, झेपेल तेवढं चालणं. आणि बसल्या जागी दुखलं तर क्षणभरही न थांबता दवाखाना. डॉक्टरांनी पडद्यावर हृदय फिरवून दाखवलं.

"आगं, बघ की," मामा म्हणाले.

सासूबाईंनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं. "येवढंसंच व्हय?" त्या हळूच म्हणाल्या आणि त्यांनी मामांचा हात धरला. माझ्या देखत असं पहिल्यांदाच घडलं. गाडीत बसलो, नळदुर्ग मागं पडलं, तरी तो हात तसाच होता. आणि मामा, कुणालाच काही न विचारता, खिडकीबाहेर बघत होते.