परमनंट बॉक्सर

काही घरांत स्टीलची भांडी साठतात, काही घरांत जुनी मासिकं. आमच्या भिलाईच्या सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये किस्से साठतात, आणि ते मोडीतही कुणी घेत नाही! चहाला आलेला माणूस आधी आमच्या ह्यांच्या नाकाकडे बघतो (ते जरा डावीकडे झुकलेलं आहे), मग माझ्याकडे वळतो आणि म्हणतो, "भाभी, वो वाला सुनाओ ना!" 'वो वाला' म्हणजे कोणता, हे मलाच परत विचारावं लागतं.

हे बॉक्सर आहेत. स्पोर्ट्स कोट्यातून स्टील प्लांटमध्ये लागले. अर्धा दिवस टाइम ऑफिसात हजेऱ्या लिहीत बसतात आणि उरलेला अर्धा दिवस पगारी मार खातात. "देतो बी ना!" असं ते म्हणतात. देत असतील. पण दिलेला तिकडेच राहतो, खाल्लेला तेवढा घरी येतो.

लग्न झाल्यापासून माझं एकच मागणं आहे: आता पुरे करा. आणि त्यांचं एकच उत्तर: "बस, एवढं एक साल!" ही त्या एका सालाचीच हकिगत. ते साल काही केल्या संपेना, एवढंच.

*

मुळात माझं लग्न झालं तेच एका गैरसमजातून.

माझे बाबा नागपूरला संस्कृतचे शिक्षक. स्थळ आणणारे मामा म्हणाले, "पोरगा बॉक्सर हाय, भिलाईले, प्लांटात." बाबांच्या माहितीत प्लांटमध्ये फिटर असतो, वेल्डर असतो, टर्नर असतो. तसाच बॉक्सर! खोक्याबिक्यांचं काहीतरी काम असेल. त्यांनी फक्त विचारलं, "परमनंट आहे ना?"

"एकदम परमनंट!"

झालं. साखरपुडा.

पहिल्या दिवाळीला हे आले ते एक डोळा वांग्यासारखा सुजवून. बाबा हळहळले, "मशीनवर लागलं का हो?"

"नाही जी. समोरच्यानं मारलं."

बाबा हादरले. "ड्यूटीवर? मग तुम्ही वरती रिपोर्ट केला की नाही?"

"कायचा रिपोर्ट जी?" अनारसा मोडत हे शांतपणे म्हणाले. "मीनंबी त्याचे दोन दात पाडले ना! साहेबानं सोता येऊन हात मिळवला माह्याशी."

बाबांनी आईकडे पाहिलं. आईनं क्षणभर विचार केला आणि ताट पुढे सरकवत म्हणाली, "काही का असेना, परमनंट आहेत!"

*

चिमू झाली, आणि माझ्या काळज्या दुप्पट झाल्या. ती दूध पिताना रोज रडायची, मी रोज ओरडायचे, "थांब, आता देतेच तुला एक!" नेमके त्याच वेळी हे अंगणात पेरूच्या झाडाला टांगलेलं वाळूचं पोतं बडवायचे. धप! धप! आणि प्रत्येक ठोशाला तोंडानं "हुश्श! हुश्श!"

शेजारी पांडेजी नवीनच बदलून आले होते. भिंत सामाईक. त्यांना ऐकू काय जायचं? आधी माझा आवाज: "देतेच तुला एक!" मग धप, धप. मग पुरुषाचं हुश्श-हुश्श. आणि संध्याकाळी हे प्रॅक्टिसहून परतताना दिसायचे ते ओठ फुटलेले!

एकदा पांडेजींनी ह्यांना दुधाच्या बूथवर बाजूला घेतलं. "भाई साहब, मर्द की भी इज्जत होती है. सहना मत."

हे तोंड पाडून म्हणाले, "क्या करें भाई साहब, हाथ बहुत तेज है उसका."

आणि घरी येऊन मला चकार शब्द सांगितला नाही! मी समोरून दिसले की पांडेजी सायकलवरून उतरायचे, ती कडेला घ्यायचे आणि मान खाली घालून उभे राहायचे. मला वाटलं, किती संस्कारी माणसं! मी माहेरी पत्रातसुद्धा कळवलं.

पुढे पांडेजींनी पेरूला टांगलेलं पोतं स्वतः पाहिलं आणि खरं काय ते कळलं, तेव्हा दोन्ही घरं पोट धरधरून हसली. पांडेभाभी मात्र निघताना माझा हात हातात घेऊन हळूच म्हणाल्या, "फिर भी बहनजी, गुस्सा थोड़ा कम ही किया कीजिए."

*

सुभेदारसाहेब म्हणजे ह्यांचे कोच. फौजेतून निवृत्त झालेले, आवाज मिलिटरीचा. ते घरी आले की चिमूशी एकच खेळ खेळायचे. ती खोटंखोटं पडायची आणि ते वर उभं राहून मोजायचे. बॉक्सिंगमध्ये म्हणे, जोराचा मार बसला की रेफरी आठपर्यंत मोजतो आणि माणूस धड असेल तर "बॉक्स!" म्हणून पुन्हा लढायला लावतो. दहा झाले की खेळ खलास.

चिमूचा नर्सरीचा इंटरव्ह्यू. मी आठवडाभर झोपले नव्हते. रंग, फळं, प्राणी, सगळं घोटून घेतलं होतं. मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "बेटा, गिनती सुनाओ."

चिमूनं खणखणीत सुरुवात केली. "वन, टू, थ्री, फोर, फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट..."

आणि थांबली.

"एट के बाद, बेटा?"

"बॉक्स!" म्हणत पोरगी दोन्ही मुठी आवळून थेट मॅडमच्या चष्म्यावर चालून गेली!

मी तिला कमरेला धरून मागे ओढलं. काहीतरी बोलणं भाग होतं. म्हणाले, "मॅडम, उसको आगे आता है. पर हमारे घर में नौ-दस बोलना अशुभ मानते हैं."

*

सासूबाई गोंदियाकडच्या खेड्यातल्या. चिमूला सांभाळायला म्हणून आल्या आणि राहिल्या. मुलगा नेमकं काय करतो हे त्यांनी कधी विचारलं नाही. त्यांचा विश्वास होता. तो जबलपूरच्या स्पर्धेपर्यंत टिकला.

हे तिकडे गेलेले. ऑफिसात फोन आला आणि ह्यांचा दोस्त किशोर स्कूटरवरून फाटकातूनच ओरडला, "वैनी! पहिल्याच राउंडले भाऊले बाय भेटली!"

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. हात थांबला. "कोन बाई?"

"बाई नाही मावशी, बाय! समोर कोनी आलाच नाही. लढाची गरजच नाही पडली!" आणि किशोर गेलासुद्धा.

"मंजे लढणंबिढणं काही नाही, अन् बाई भेटली?" सासूबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "याच्यासाठी जाते का तो जबलपूरले?"

मी समजवायला गेले. म्हटलं, आई, तसं नाही, नियमच आहे तो. जोडीला कुणी नसलं की स्पर्धेवालेच बाय देतात.

"सरकारी खर्चानं?"

मला समजावता येत नाही, हे माझं जुनंच दुखणं. बी.ए. होऊनही!

हे रुप्याचं पदक घेऊन आले. प्लांटच्या गाडीनं घरापर्यंत सोडलं, गल्लीतली पोरं मागे धावत आली. सासूबाई दारात उभ्या. हातात ओवाळणीचं ताट नाही. ह्यांच्या खांद्यावरून मागे गाडीत वाकून बघत म्हणाल्या, "ते कुठी हाय?"

"कोन?"

"पहिल्या राउंडवाली!"

*

पदकं अशी येतात, तशी जातातही. पुढच्याच वर्षी ग्वाल्हेरला हे पहिल्याच दिवशी हरले. भिलाईशेजारच्या दुर्ग स्टेशनवर उतरले तर फलाटावर ढोल-ताशे! त्याच डब्यातून कुणी पुढारी यायचे होते. गर्दीतल्या एकानं घाईघाईत ह्यांच्याच गळ्यात माळ घातली, आणि रिक्षावाला आदरानं विचारता झाला, "कहाँ जाहू नेताजी?"

मी दार उघडलं. गळ्यात झेंडूचा भलामोठा हार. आनंदानं विचारलं, "जिंकलात?"

"नाही व! हार झाली," बॅग खाली ठेवत हे म्हणाले, "अन् वरून हार भेटला!"

त्या रात्री जेवायला बसलो. मी म्हटलं, "मग, पुरे करायचं ना आता?"

"बस, एवढं एक साल."

*

पांडेभाभींकडच्या एका मासिकात मी वाचलं की डोक्याला सारखा मार बसला तर माणसाची आठवण जाते. मी काय वाचावं आणि काय नाही, हे ठरवायला घरात कुणीतरी हवं होतं. तेव्हापासून प्रत्येक लढतीनंतर हे दारात उभे, मी चिमूला कडेवर घेऊन उंबऱ्यावर उभी, आणि आत घेण्याआधी परीक्षा.

"आज वार कोणता?"

"शनवार."

"क्वार्टर नंबर?"

तोही बरोबर. इंदूरहून आले तेव्हा कान पुरीसारखा फुगला होता, म्हणून मी पेपर जरा कठीण काढला. "माझ्या बाबांचं पूर्ण नाव?" सांगितलं. "चिमू कुठल्या वारी झाली?" सांगितलं. "आपल्या लग्नाची तारीख?"

हे छताकडे बघायला लागले. "मे... नाही. जूनमधी होतं का?"

चिमूला घट्ट धरून मी उंबऱ्यातच बसले आणि रडायला लागले. "डॉक्टरला बोलवा कुणीतरी! गेली हो, आठवण गेली!"

आतून सासूबाईंचा आवाज आला, "रडून कावून राहिली व? त्याले ते कधीच याद नव्हती! पहिल्या सालीबी मीच सांगतली होती."

ह्यांचा चेहरा एकदम उजळला. "पाह्य! दिमाग एकदम ठीक हाय माहा!"

*

मग ह्या वर्षीची ट्रायल आली. सुभेदारसाहेब स्वतः घरी येऊन सांगून गेले. नवीन पोरं तयार झाली आहेत, टीममध्ये ह्यांच्या वजनाची जागा एकच आहे. जिंकले तर आणखी दोन वर्षं टीम. हरले तर बॉक्सिंग संपलं, टाइम ऑफिस संपलं, बाकीच्यांसारखी प्लांटातल्या मिलमध्ये शिफ्ट ड्यूटी. समोर नेहरू नगरचा एक पोरगा, ज्याला अजून मिशीही धड फुटली नव्हती.

मी आजवर एकही लढत पाहिली नव्हती. सासूबाईच म्हणाल्या, "एकदा पाहून तं घे. चिमूले मी पाहीन."

सकाळी देवापुढे हात जोडले आणि काय मागावं तेच सुचेना. जिंकू दे म्हणावं, तर आणखी दोन वर्षं मार. हरू दे म्हणावं, तर अशी कोणती बायको मागते? शेवटी म्हटलं, देवा, तुझं तूच बघ.

हॉल गच्च भरला होता. मी पांडेभाभींचा हात धरून डोळे मिटून बसले. त्या कॉमेंट्री करत होत्या. "मार रहे हैं... मार रहे हैं... अब खा रहे हैं... हे राम, बहुत खा रहे हैं..."

आणि शेवटच्या राउंडला आवाज झाला. गव्हाचं पोतं ट्रकवरून टाकावं तसा.

मी डोळे उघडले. हे रिंगमध्ये उताणे पडले होते. दोन्ही ग्लोव्ह्ज छातीवर, चेहरा शांत. रविवारी दुपारी जेवून पडतात, अगदी तसे. रेफरी वाकून मोजायला लागला होता.

मनात आलं, झालं. हे असेच पडून राहिले तर संपलं. सुजलेले कान नाहीत, उंबऱ्यावरच्या परीक्षा नाहीत. इतकी वर्षं जे मागत होते, ते समोर पडलं आहे. मला काही म्हणजे काही करायचं नाही. फक्त गप्प बसायचं.

तेवढंही मला जमलं नाही! मी कधी उभी राहिले, कळलं नाही. रोज प्लांटच्या पहाटेच्या भोंग्याला ह्यांना पळायला उठवताना लावते, तोच माझा आवाज भर हॉलमध्ये मला ऐकू आला:

"अहो उठा! भोंगा झाला! पाच वाजले, उठा!"

अख्खा हॉल मागे वळला. आणि हे उठले. डोळे अर्धे मिटलेलेच. उठून बसले आणि ग्लोव्हनं इकडेतिकडे चाचपडायला लागले. चपला शोधत होते! मग रेफरी दिसला, तसे ताडकन उभे राहिले आणि राउंड संपेपर्यंत उभेच राहिले. पडले नाहीत. पॉइंटवर हरले.

मी आतल्या खोलीत गेले तेव्हा हे बाकावर बसून हाताच्या पट्ट्या सोडत होते. सुभेदारसाहेबांनी त्यांच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि ते बाहेर निघून गेले. मी उभी. परीक्षासुद्धा घ्यावीशी वाटली नाही.

दोन्ही पट्ट्या नीट गुंडाळून झाल्या. त्या त्यांनी बॅगेत टाकल्या नाहीत, माझ्या हातात दिल्या.

"सोमवारपासून ए शिफ्ट, सकाळची," हे म्हणाले.

"हं."

"उठवत जाजो." मग सुजलेल्या डोळ्यानं माझ्याकडे बघत म्हणाले, "पण एवढ्या जोरानं नको व! आज पुऱ्या हॉलले ड्यूटीवर पाठवत होती तू!"