उद्या पुन्हा आणू का?

माझा धाकटा दीर खेमसिंग. त्याचं नि त्याच्या बापाचं भांडण मी चुलीपुढे बसून ऐकलं होतं. सासरे म्हणाले, "सारा तांडा बसला, सारे हो म्हणाले. तू मास्तरच होशीन."

"मले कोणी इचारलंच नाही."

"बरं, आता इचारतो. काय व्हाचं हाय तुले?"

माझी भाकर करपली, तरी त्याचं उत्तर काही आलं नाही.

आमच्या तांड्यात असंच. लग्न असो की पोरानं पुढं काय शिकायचं, तांड्याचा प्रमुख म्हणजे नायक, त्याच्या ओट्यावर सारे बसतात, आणि ज्याचं ठरवायचं तो चहा वाटतो. खेमसिंगनंही वाटला होता. डी.एड. झाला, मास्तर काही झाला नाही. शेवटी आर्णीच्या रस्त्यावर जीप चालवू लागला. मग त्याला एक खोड लागली. बारावी झालेलं पोरगं दिसलं की त्याला जीपमध्ये घालायचं, तांड्यानं त्याच्यासाठी ठरवलेलं काम जिथं चालतं तिथं दिवसभर बसवायचं आणि परतताना एकच विचारायचं, "उद्या पुन्हा आणू का?"

यंदा माझी नात उज्ज्वला बारावी झाली. तांड्यानं नर्सिंग ठरवलं, तिचा बाप, माझा मुलगा बादल, हो म्हणून आला. पोरगी चहा वाटून आली आणि जो भेटेल त्याला "नर्सिंग करू का?" विचारत सुटली. शेळीला तेवढं विचारायचं राहिलं. खेमसिंगनं तिला आर्णीच्या एका दवाखान्यात नेऊन बसवलं. परतताना मीही जीपमध्ये होते.

"उद्या पुन्हा आणू का?"

"आजा, बाबाले इचारून सांगते."

"बाबा येणार हाय का पट्ट्या बांधाले?"

घरातला मिक्सर बिघडला की तीच उघडून बसते, हे त्याला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं तिला अब्रारच्या दुकानात बसवलं. तिथं विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरतात. संध्याकाळी पोरगी आली ती कपाळाला ग्रीसचं काळं लावून. त्यानं विचारायच्या आधीच म्हणाली, "उद्या लवकर आणजा, आजा. अर्धी मोटार तशीच ठेवून आली."

घरी बादल भडकला. "तांड्यात शब्द देल्ला मी. आता पोरीनं मोटारी खोलाच्या?"

"बाबा, मले आयटीआयले जाचं हाय," उज्ज्वला म्हणाली.

"बाद्या," खेमसिंग म्हणाला, "माह्या बापानं इचारलं तवा मले सांगता नाही आलं. हिले आलं. आता तू चहा वाट अन् नायकाले सांग."

बादल जेवला. मग चप्पल घालून नायकाकडे गेला.

सकाळी खेमसिंगनं सीट पुसली, दोनदा हॉर्न दिला, उज्ज्वलाला अब्रारकडे सोडून आला. त्याच रात्री तो झोपेतच वारला, म्हणून ही त्याची शेवटची फेरी. संध्याकाळी तिला घेऊन आला तेव्हा पोरीचं आयटीआयचं सारं ठरलेलं होतं. तरी जीप थांबवून त्यानं विचारलंच, "उद्या पुन्हा आणू का?"