रेषेवर उभे केलेले पाहुणे

आमचं आडनाव तीन जातींत चालतं. त्यामुळे लेकीचा फोटो पेपरात आला आणि लोकांची पंचाईत झाली. जात सरळ कुणी विचारत नाही. आधी मूळ गाव, मग कुलदैवत, मग मामाचं गाव, हा क्रम ठरलेला. गुलमंडीच्या बाजारात तर दुकानदारानं अस्तराचं कापड मोजता मोजता विचारलं, "लग्नकार्याला पाहुणे कुठले येतात तुमच्याकडं?" मी "लासूर स्टेशनकडचे" म्हणायची आणि पिशवी उचलायची.

लपवण्यासारखं काहीच नव्हतं. सासऱ्यांनी जन्मभर मेंढरं राखली, माझे वडील शेतकरी. जाती वेगळ्या. लग्न आम्ही दोघांनी ठरवलं आणि निभावलं. पण लेक टेनिसची राज्य स्पर्धा जिंकली आणि बजाजनगरच्या आमच्या चौकात माझ्या माहेरच्या समाजाचा बॅनर लागला, 'समाजाची वाघीण'. चार दिवसांत समोरच्या खांबावर सासरच्या समाजाचा. फोटो तोच, सत्काराचा रविवारही तोच.

मग चर्चा टेनिस कोर्टापर्यंत पोचली. ती सर्व्हिसला उभी असताना जाळीबाहेरून कुणीतरी म्हणालं, "त्यांच्यातलीच असणार. बांधा बघ ना." त्या दिवशी तिची एक सर्व्हिस धड पडली नाही. घरी येऊन तिनं रॅकेटची बॅग पलंगाखाली सारली.

"मी नाय जाणार नॅशनलला. तिथंही हेच विचारतील."

"तिथं तुला कोण ओळखतं?"

"इथं तरी कोण ओळखतं?"

पण तयारी मी थांबवली नाही. तिकिटं झाली, वयाचा दाखला झाला, ग्रिपच्या नव्या पट्ट्या आणल्या. राहिलं होतं ते तिचं मन, आणि ते समजावून वळणारं नव्हतं. मी दोन्हीकडच्या प्रमुखांना फोन केला. रविवारी सकाळी कोर्टावर या, सत्कार तिथंच. लेकीला सांगितलं, मैत्रिणीबरोबर एक सरावाची मॅच खेळ, मग बॅग कायमची माळ्यावर टाकू.

माहेरकडचे गृहस्थ फेटा बांधून, शाल-श्रीफळ घेऊन आले. "ताई, पोरगी आपली हाय. मग हे कशाला आलेत?"

सासरकडचे घोंगडं आणि काठी घेऊन आले होते. "वहिनी, लेकरू बापाचं असतं. यांना कुणी बोलावलं?"

"मी बोलावलं," मी म्हटलं. "आधी मॅच. रेषा बघायला माणसं नाहीत. तुम्ही या कोपऱ्यात, तुम्ही त्या. चेंडू रेषेला शिवला तर आत. नाही शिवला तर हात वर करून आउट म्हणायचं."

"अन् आपल्या पोरीचा असला तर?"

"कुणाचाही असला तरी."

लेकीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पाण्याच्या बाटल्या भरायला निघून गेले.

सुरुवातीला दोघं एकमेकांवरच नजर ठेवून होते. मग ऊन चढलं, खेळ रंगला आणि दोघंही गुडघ्यांवर हात ठेवून वाकले. सेट अगदी शेवटाला आलेला. लेकीनं तिरका फटका मारला आणि मूठ वर केली. तेवढ्यात सासरकडच्यांची काठी वर गेली. "आउट!"

फेटेवाले पलीकडून धावत आले. "ओ, आत होता की! पोर आपली अन् तुम्ही तिलाच पाडता व्हय?"

"पोर आपली म्हून चेंडू आत जातो का? चार बोटं भाईर हाय. या, डाग बघा."

लाल मातीतल्या त्या डागावर दोघं वाकले. जरा वेळानं फेटा सरळ झाला. "व्हय. भाईरच हाय."

लेक खळखळून हसली. कितीतरी दिवसांनी. तिनं स्वतः जाऊन डाग पाहिला, बुटानं पुसला आणि म्हणाली, "काका, पुढचा आत टाकते." सेट ती हरलीच. सत्काराचं विचारलं तेव्हा म्हणाली, "आल्यावर बघू. आधी मला बॅकहँड नीट करायचाय." शाल आणि घोंगडं तसंच परत गेलं. बॅग माळ्यावर गेली नाही.

नॅशनलला निघालो तेव्हा गाडीत समोरच्या बाईंनी विचारलंच, "मूळचे कुठले तुम्ही?"

मी तोंड उघडायच्या आत लेक म्हणाली, "वडील धनगर, आई मराठा, बॅकहँड कच्चा."

बाईंनी विचारलं, बॅकहँड म्हणजे काय गं? लेकीनं बॅगेतून रॅकेट काढली आणि मी जेवणाचा डबा जरा बाजूला सरकवला.