माझ्या हातावरचा सहावा ठिपका

माझ्या डाव्या हातावर गोंदणाचे किती ठिपके आहेत, हे आता आमच्या अख्ख्या गावाला तोंडपाठ आहे. चूक माझीच.

मी हडपसरला एका सोसायटीत चार घरच्या पोळ्या करते. सातवीनंतर शाळा सुटली, पुढे लग्न झालं आणि भंडाऱ्याकडून थेट इकडे आले. गेल्या हिवाळ्यात सोसायटीच्या हॉलमध्ये कातडीच्या कॅन्सरची फुकट तपासणी होती. डॉक्टरबाईंनी माझा हात उलटासुलटा केला, एका डागाभोवती पेनाने गोल काढला आणि म्हणाल्या, "घाबरू नका. पण गुरुवारी दवाखान्यात येऊन हा डाग नीट तपासून घ्या."

('घाबरू नका' ऐकून न घाबरणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. गोल काढताना मी डोळे घट्ट मिटले होते, सुई टोचतात की काय म्हणून.)

दवाखान्यात स्वच्छ हातानं जावं, म्हणून बुधवारी दुपारी मी हात काथ्यानं खसाखसा घासला. हे ड्युटीवरून आले.

"दाखव बरं, कुठला डाग?"

हात पुढे केला. गोल गायब! गोंदणाचे काळे ठिपके तेवढे होते. ह्यांनी बोटानं मोजले. "सहा? गोंदण तर पाच ठिपक्यांचं असते. आमच्या आईचे पाचच आहेत."

म्हणजे सहावा तोच! मी गावाकडे मायला फोन लावला.

"पाचच गोंदले होते बाई," माय म्हणाली आणि रडायलाच लागली. काकूनं फोन हिसकावला. "सात होते. मले आठवते." अंगणात भांडण जुंपलं. शेवटी जिनं गोंदलं त्या सखूबाईलाच घरून बोलावून आणलं. व्हिडिओ कॉल. मागे निम्मं गाव.

"हात उजेडात धर," सखूबाई म्हणाली. "आन् थरथरू नको. त्या दिशीही अशीच करत होती."

मी हात खिडकीशी धरला. तिनं डोळे बारीक केले.

"सहावा माहाच आहे. हिनं लाथ मारली, सुई सरकली."

अंगणात टाळ्या पडल्या. माय हसत रडली. मीही. हे मात्र डोकं खाजवत म्हणाले, "सहाही गोंदणाचेच, तर डॉक्टरांनी गोल कशाला काढला?"

टाळ्या थांबल्या.

गुरुवारी मी डॉक्टरबाईंना हे सगळं सांगितलं, सखूबाईला मारलेल्या लाथेसकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"झालं? आता कोपर वर करा."

कोपराच्या मागे, मला आयुष्यात कधी न दिसलेला एक तीळ होता.

"गोल इथे काढला होता. गोंदण मलाही ओळखता येतं, ताई." त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. "साधा तीळ आहे. वाढला, रंग बदलला तर लगेच या. नाहीतर सहा महिन्यांनी दाखवा."

मी पाया पडायला वाकले. "पाया नको, तारीख लिहून घ्या," त्या म्हणाल्या. परक्या शहरात माझ्या कोपराकडे इतक्या मायेनं कोण बघतं? मी तारीख दोनदा लिहून घेतली.

कोपर मला दिसत नाही, म्हणून दर रविवारी हे बघतात आणि गावाला कळवतात. परवा मी तापानं फणफणले होते. मायचा फोन आला.

"तीळ कसा आहे?"

"बरा आहे," मी म्हटलं. तिनं फोन ठेवला.